नानांची कोरडी हवा

आमचे नाना भित्रे होते आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. नवा माणूस घरी आला, नाव-गाव विचारून झालं, की नाना म्हणत, "मी फार घाबरट माणूस आहे हं, तेवढं सांभाळून घ्या." पाहुण्याला वाटे, म्हातारा थट्टा करतोय. तो हसे. नाना हसत नसत. त्यांना खरोखरच भीती वाटे आणि ती कुणापासून लपवावी असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. मला मात्र लहानपणापासून भीती लपवायची सवय. त्यामुळे सुरुवातीला त्यांच्यापुढे माझी फार पंचाईत व्हायची.

नाना माझे सासरे. मेघाला बघायला मी नाशिकहून बडोद्याला गेलो, तेव्हाच त्यांनी माझी परीक्षा घेतली. पोहे झाले, चहा आला, नाना "जरा आलोच" म्हणून उठून गेले आणि पुढच्याच मिनिटाला बंगल्याच्या गॅरेजमधून असा काही आवाज झाला की माझा अर्धा चहा बशीत आणि अर्धा पँटवर सांडला. दाबलेल्या हवेच्या टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून तो नीट उघडतो की नाही हे बघायचा त्यांचा रोजचा नेम होता. मुलगा बघायला आला म्हणून नेम चुकवतील तर ते नाना कसले? लगबगीने परत येऊन त्यांनी विचारलं, "घाबरलात का?" मी छाती काढून म्हटलं, "छे छे." त्यांचा चेहरा एकदम पडला. "थोडेसुद्धा नाही?" मी मेघाकडे बघितलं. ती खाली मान घालून हसत होती. "म्हणजे... बराच घाबरलो," मी म्हणालो. नाना माईंकडे, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंकडे वळून म्हणाले, "मला काही अडचण दिसत नाही."

ही सगळी धास्ती त्यांनी नोकरीतून घरी आणली होती. बडोद्याजवळच्या एका मोठ्या कारखान्यात दाबाच्या हवेवर झडपा उघडत आणि मिटत. ती हवा सांभाळणं हे नानांचं काम. हवा दाबली की तापते आणि पुन्हा गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. ते पाणी नळ्यांमधून जिथे जाईल तिथे खोड्या करतं. एका पावसाळ्यात ते एका झडपेत जाऊन बसलं आणि झडप ऐन वेळी मिटली नाही. पुढचं नाना कधी धड सांगत नसत. "भोंगा वाजला आणि आम्ही सगळे पळालो. मी सगळ्यांच्या पुढे होतो," एवढंच म्हणत. मग माझ्याकडे बघून, "पळालो म्हणून तुम्हाला बायको मिळाली, जावईबापू." त्या दिवशी कुणाला काही झालं नव्हतं. पण हवेतल्या पाण्याची भीती त्यांच्या मनात जी बसली ती बसलीच.

निवृत्त झाल्यावर नागरवाड्यातलं घर सोडून ते पादरा गावाच्या रस्त्याला छोट्या बंगल्यात राहायला आले. गाडी नव्हती, पण गॅरेज होतं. बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून त्यांनी जुना कंप्रेसर आणला. त्याची टाकी आडवी, चार आखूड पायांवर उभी, वासरासारखी. त्या हवेवर ते जुन्या स्कूटर्सना रंग मारत. रंगाच्या फवाऱ्यात पाण्याचा एक थेंब गेला तरी सुकल्यावर तिथे फोड येतो, म्हणून हवा कोरडी हवी, हे गिऱ्हाइकांना सांगायचं कारण. खरं कारण ते मला सांगत. "पाणी रंग खराब करतं ते ठीक आहे हो. पुन्हा मारू. पण ते टाकीत बसून राहिलं तर आतून पत्रा खातं. बाहेरून टाकी कशी नवरीसारखी दिसते! आणि एक दिवस..." वाक्य ते कधी पुरं करत नसत. मला ते अर्धं वाक्यच पुष्कळ व्हायचं.

"ढाळ हवा" हा त्यांचा मंत्र. पाण्याला उतार मिळाला की ते आपल्या पायांनी निघून जातं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी भिंतीवरून नेलेली तांब्याची नळी आधी वेटोळी होऊन गार पाण्याच्या बादलीत बुडे, मग उताराने एका काचेच्या भांड्याकडे जाई. बाकी उरलेली वाफ टिपायला काचेच्या नळकांड्यात निळे मणी भरलेले असत, औषधाच्या बाटलीत पुडी असते ना, त्याच जातीचे. ओल शोषली की ते गुलाबी होत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे टाकीच्या पोटाखालचा, तोंडाकडच्या बाजूचा कॉक, म्हणजे साठलेलं पाणी सोडायची छोटी तोटी. कंप्रेसर चालवला की त्याखाली स्टीलची वाटी धरून नाना कॉक सैल करत. फुस्स आवाज होई आणि वाटीत तांबूस पाणी पडे. ते उजेडात धरून बघत. "आज फिका चहा आहे," म्हणत. "आज जरा कडक." ज्या दिवशी कडक असेल त्या दिवशी जेवणात त्यांचं लक्ष नसे.

गुलाबी झालेले मणी पुन्हा निळे करायचे म्हणजे मंद आचेवर भाजायचे. हे काम माईंकडे. माई निवृत्त शिक्षिका, नानांच्या अगदी उलट धीट. त्यासाठी एक वेगळी कढई होती. मणी विषारी, म्हणून ती कढई स्वयंपाकघरात ठेवायचीच नाही, मागच्या अंगणात खिळ्याला टांगायची, असा नानांचा हुकूम होता. तरी त्यांचा विश्वास नसे. एकदा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. नानांनी वांग्याच्या भाजीचा पहिला घास तोंडाजवळ नेला आणि थांबले. "ही भाजी कुठल्या कढईत केली?" माई म्हणाल्या, "रोजच्याच." "नक्की?" "अहो, मी काय तुम्हाला मारायला बसलेय?" नाना उठले, मागच्या अंगणात जाऊन खिळ्यावरची कढई बघून आले, तिला हात लावून बघून आले. गार होती. तरीसुद्धा त्यांनी सगळ्यांच्या ताटातली भाजी काढून घेतली. आम्ही आमटी-भात खाल्ला. माई दोन दिवस बोलल्या नाहीत, पण कढईला त्यांनी लाल रंगाचा पट्टा मारून घेतला.

मी नोकरीसाठी बडोद्यालाच आलो आणि अलकापुरीत भाड्याने राहू लागलो. रविवार गॅरेजमध्ये जाऊ लागला. नाना मला कामाला लावत, पण टाकीच्या दोन टोकांसमोर उभं राहू देत नसत. "तोंडासमोर नाही, कुशीला उभे राहा," म्हणत. सोसायटीतली माणसं सायकलीत हवा भरून घ्यायला येत. "काका, जरा हवा भरी आपो ने," म्हणत थेट आत शिरत. नाना त्यांना तिथेच अडवत, नळी फाटकापर्यंत ओढून नेत आणि बाहेर हवा भरून देत. लोक त्यांच्या भीतीची थट्टा करत. मीही मनातल्या मनात करी. पण घरी आलो की माझ्या लक्षात येई, मीसुद्धा आता कुकरच्या समोर उभा राहत नाही, बाजूला उभा राहतो.

मग एका वर्षी विश्वामित्री नदीचं पाणी वाढलं आणि नानांच्या सोसायटीत गुडघाभर आलं. कंप्रेसर भिजता भिजता वाचला. पाणी ओसरल्यावर नानांनी गॅरेजमध्ये त्याच्यासाठी उंच ओटा बांधायचं ठरवलं. गवंडी आला, त्याने दिवसभरात छान ओटा उभा केला आणि गुजरातीत म्हणाला, "ढाळ आपी दीधो छे, काका. पाणी ऊभुं नहीं रहे." कुठलाही गवंडी देईल तसा त्याने ओट्याला कोपऱ्यातल्या मोरीकडे उतार दिला होता, धुतलं की पाणी निघून जावं म्हणून. नाना खूश. उताराचं नाव काढल्यावर नाना खूश होणार नाहीत असं झालं नसतं. त्यांनी वर तळहात फिरवून बघितला आणि म्हणाले, "असा माणूस मला कारखान्यात मिळाला असता तर!" आम्ही चौघांनी मिळून टाकी उचलून वर ठेवली. भिंतीवरची नळी ज्या बाजूला होती, त्या बाजूला टाकीचं तोंड आणि कॉक आला, मोरीकडे दुसरं टोक.

त्याच सुमारास नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाकणं बंद. ते गॅरेजच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत आणि वाटी धरायचं काम माझ्याकडे आलं. त्या थंडीत आणि पुढच्या उन्हाळ्यात मी कॉक सैल करी, फुस्स हवा येई आणि वाटीत एखादा थेंब पडे, तोही नाही पडला तर नाही. "कोरडी!" मी ओरडे. "कोरडी?" नाना खुर्चीवरून विचारत आणि त्यांचा चेहरा उजळे. माणसाला इतका आनंद देणारा शब्द मी तोवर कधी उच्चारला नव्हता. कडक चहा गेला, फिका चहाही गेला. नानांना वाटलं, उंचावर ठेवल्यामुळे टाकीला वारा लागतोय, तांब्याची नळी चांगलं काम करतेय, इतक्या वर्षांनी आपलं जमलंय. ते चक्क शीळ घालू लागले. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी माईंची शाळेत जायची जुनी स्कूटर बाहेर काढली. तिला मोरपंखी रंग द्यायचा ठरला. माई म्हणाल्या, "आता मी कुठे चालवणार आहे?" पण रंगाचे नमुने त्यांनी उन्हात नेऊन बघितले.

श्रावणातला रविवार होता. पाऊस सकाळपासून धरून होता. कंप्रेसर चालू होता, टाकी भरली, तो खट् आवाज करून आपोआप थांबला. मी वाटी घेऊन वाकलो, कॉक सैल केला. फुस्स. "कोरडी," मी म्हणालो. नेमक्या त्याच वेळी आतून माईंचा आवाज आला. "अहो, हे मणी पुन्हा गुलाबी! परवाच भाजले ना मी? मी आता गॅससमोरच बसून राहू का?"

मी हसून नानांकडे बघितलं. नाना हसत नव्हते. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी तो अजून विसरलेलो नाही. ते बाहेर पावसाकडे बघत होते, मग माझ्या हातातल्या वाटीकडे, मग टाकीच्या पलीकडच्या टोकाकडे, जिथे ओट्याचा उतार मोरीकडे जात होता. छपरातून गळलेलं थोडं पाणी ओट्यावरून हळूहळू त्याच बाजूला सरकत होतं.

"बाहेर ये," ते म्हणाले.

"अं?"

"बाहेर ये म्हणतो ना! वाटी तिथेच टाक. कॉक आहे तसा राहू दे. टाकीला धक्का लावू नकोस. अरे, ये!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, नानांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मी उठलो. दारापर्यंत आलो. नानांनी माझं मनगट धरलं आणि ते ऑपरेशन झालेल्या गुडघ्यानिशी मला ओढत अंगणात घेऊन आले. "मणी भिजतायत म्हणजे हवा ओली आहे," ते घाईघाईने म्हणाले. "हवा ओली आणि टाकी कोरडी, असं होतच नाही. पाणी आतच आहे. कॉक वरच्या अंगाला राहिलाय आणि पाणी पलीकडे खाली. इतके महिने. इतके महिने ते तिथे बसून खातंय."

नानांचा आवाज ऐकून आतून आलेल्या मेघाने पॅसेजमधल्या बोर्डावरून गॅरेजची वीज बंद केली. टाकी मात्र भरलेलीच होती. नानांनी माईंना आणि मेघाला शेजारच्या घरी जायला सांगितलं. मेघा गेली, माई गेल्या नाहीत, व्हरांड्यातल्या खांबामागे उभ्या राहिल्या. रंगाचं पिस्तूल ज्या नळीला लावलेलं होतं ती नळी दाराशीच पडली होती. नानांनी ती फाटकापर्यंत ओढली, कुंपणाच्या भिंतीआड उभे राहिले आणि दोन्ही हातांनी खटका दाबून धरला. हवा सूं करत पावसात सुटू लागली. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती. ती इतकी हलत होती की आम्ही दोघेही भिजलो. हवा किती उरली ते सांगणारा काटा गॅरेजमध्ये, आणि तिकडे जाऊन बघायची कुणाची छाती? आवाज बंद होईपर्यंत थांबायचं, एवढंच आमच्या हातात होतं. शेजारचा जिग्नेश स्कूटरवरून जाताना थांबला आणि हसून म्हणाला, "शुं काका, वरसादने रंग करो छो?" पावसाला रंग देताय का, असं विचारत होता तो. एरवी नानांनी त्याला दोन ऐकवली असती. त्यांनी फक्त मान हलवून त्याला पुढे जा म्हणून सांगितलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. ती हवा संपायला जो वेळ लागला, त्या वेळात मला माझ्या आईची फार आठवण आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही हवा सोडलेली टाकी कॉकच्या बाजूला कलती केली. आतून बादली भरून पाणी निघालं, काळपट, आणि त्याच्याबरोबर गंजाचे पापुद्रे. नाना म्हणाले, आता टाकीची परीक्षा घ्यायची. मी म्हटलं, "पुन्हा हवा भरायची?" "वेडे आहात का? पाणी भरायचं," नाना म्हणाले. दाबलेली हवा सुटली की सगळं घेऊन उडते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी ते नुसतं गळतं. जन्मभर हवेतून पाणी काढत आलेल्या माणसाने त्या टाकीत अगदी तोंडापर्यंत पाणी भरून घेतलं. नव्या नळांची चाचणी घ्यायला प्लंबर जो हातपंप आणतात तो मागून आणला होता. मी दांडा मारत होतो, नाना काट्याकडे बघत होते. ज्या दाबाला मी दर रविवारी त्या टाकीखाली वाकायचो, तो दाब अजून यायचा होता. त्याच्या बराच आधी पलीकडच्या टोकाखाली पाण्याची बारीक पिचकारी उडाली. मग टर्र असा कापड फाटल्यासारखा आवाज झाला आणि सगळं पाणी ओट्यावरून वाहत मोरीत गेलं.

माझ्या हातातला दांडा सुटला. मी अंगणात जाऊन बसलो. थोड्या वेळाने नाना आले, कठड्याला धरून माझ्या शेजारी कसेबसे टेकले. मग म्हणाले, "जन्मभर भ्यालो आणि जेव्हा भ्यायला हवं होतं तेव्हा शीळ घालत बसलो. कोरडी आहे म्हटल्यावर मला इतकं बरं वाटलं, की कशी काय कोरडी हे मी विचारलंच नाही." मग गॅरेजकडे बघून, "मेघाला मी काय तोंड दाखवलं असतं हो?" मी त्यांचा हात धरला.

भंगारवाल्याला देण्याआधी नानांनी टाकी गॅस कटरने मधोमध कापून घेतली. कुणीतरी डाग देऊन पुन्हा वापरील ही भीती. आतला पत्रा त्यांनी मला दाखवला. मोरीकडच्या बाजूला तो पापडाइतका पातळ उरला होता. त्यानंतर गॅरेज बंद झालं. माईंची स्कूटर प्रायमर मारलेली, राखाडी, तशीच चादरीखाली राहिली. नानांची एक नवी खोड मात्र सुरू झाली. फोनवर मी "सगळं ठीक आहे" म्हटलं की ते विचारत, "कशावरून?" मेघाचा रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, कशावरून? गाडी वेळेवर निघाली, कशावरून? मेघा वैतागे. मी वैतागत नसे. सांगण्यासारखं काही असलं तर सांगे, नसलं तर उठून बघून येई.

त्याच थंडीत नाना गेले. दुपारी जेवून लवंडले ते उठलेच नाहीत. आदल्या आठवड्यात मी त्यांना पायी चक्कर मारायला नेलं होतं, तेव्हा अचानक थांबून म्हणाले, "स्कूटर राहिली हो." मी म्हटलं, मी करीन. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "एकट्याने करू नका. माईंना दाराशी उभं करा. कुणीतरी बघणारं लागतं." तेव्हा मी हो म्हणालो, आणि वर्षभर त्या गॅरेजचं कुलूपसुद्धा काढलं नाही. कुलपाची किल्ली हातात घेतली की तो पाऊस आणि नानांचे पांढरे ओठ दिसत.

गेल्या पावसाळ्यात माईंनीच विषय काढला. "चादरीखाली काय आहे ते विसरलात की काय?" एवढंच म्हणाल्या. मी ओटा फोडून सपाट करून घेतला. नवा कंप्रेसर आणला. पारदर्शक नळीत पाणी भरून त्याची पातळी चहूबाजूंनी पुन्हा पुन्हा बघितली, कॉक सगळ्यांत खाली येतो याची खात्री केली, व्हॉल्व्हची कडी ओढली, दचकलो. माई, जन्मभराच्या धीट माई, अंगणातच उभ्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या. बाहेर पाऊस होता. टाकी भरून कंप्रेसर थांबला. मी वाटी घेऊन कुशीला वाकलो आणि कॉक सैल केला.

फुस्स. नुसती हवा. वाटीत काही नाही. मी कॉक तसाच धरून ठेवला, सोडून पळावं असं वाटत असताना धरून ठेवला. मग आत कुठेतरी गुळगुळलं, थुंकल्यासारखा एक शिंतोडा उडाला आणि पाण्याची धार वाटीत पडू लागली.

"आलं का हो?" बाहेरून माईंनी विचारलं.

"आलं."

"दाखवा."

मी वाटी घेऊन बाहेर आलो. माईंनी ती दोन्ही हातांत घेतली, उजेडाकडे वळवली, खूप वेळ बघितली. पाणी स्वच्छ होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. "मग करा सुरू," त्या म्हणाल्या.

"माई, मला भीती वाटतेय," मी म्हणालो.

"मला पण," माई म्हणाल्या, आणि वाटी मांडीवर घेऊन गॅरेजच्या पायरीवर बसल्या.